इंग्रजी शिकवायला परदेशी: आधी कोर्स, आधी देश, की आधी कागद?

खडूफळा
नमस्कार मंडळी. भाचीसाठी विचारतोय. शिक्षण एम.ए. इंग्रजी आणि बी.एड., दोन्ही नियमित. नाशिकच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाचवी ते आठवीला तीन वर्षं इंग्रजी शिकवते आहे. आता परदेशात शिकवायला जायचं मनात आहे. मोबाइलवर सतत जाहिराती येतात, '१२० तासांचा ऑनलाइन टेफल कोर्स करा, जगात कुठेही नोकरी मिळवा'. फी काही हजारांत. दुसरीकडे कोणी म्हणतं, सेल्टाशिवाय कोणी विचारत नाही, आणि त्याची फी लाखाच्या वर.
माझे प्रश्न तीन. कोणता कोर्स करावा? भारतीय पासपोर्टवर कोणते देश खरोखर काम देतात? आणि कागदपत्रांची सुरुवात कुठून करावी?

दूरदेशी
तुमचा दुसरा प्रश्न पहिला घ्या. देश ठरल्याशिवाय कोर्सचे पैसे भरू नका, कारण 'जगात कुठेही' हे वाक्य भारतीय पासपोर्टला लागू होत नाही.
दक्षिण कोरियात भाषा शिकवण्याचा ई-२ व्हिसा इंग्रजीसाठी सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत-कोरिया आर्थिक करार २०१० पासून लागू आहे. त्यातून सरकारी शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून भारतीयांसाठी एक वाट आहे, पण तिथे शिक्षकाची पात्रता लागते आणि खासगी शिकवण्यांना ती वाट चालत नाही. चीनमध्येही इंग्रजी शिकवण्याचा परवाना मुख्यत्वे इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांच्या नागरिकांना देतात. या दोन देशांच्या आशेवर कोणी कोर्स घेत असेल तर त्याला आत्ताच थांबवा.
खुली दारं अशी: आखाती देशांतल्या शाळा, मालदीव, थायलंड, व्हिएतनाम, कंबोडिया. जपानही शक्य आहे. प्रत्येक ठिकाणी अट वेगळी.

मोगरा_७
वाचनखूण साठवली. याच धाग्याची वाट बघत होते.

शब्दखूण
कोर्सबद्दल लिहिते, कारण इथे फार गोंधळ असतो.
टेफल हे एका परीक्षेचं नाव नाही. परभाषा म्हणून इंग्रजी शिकवणं या सगळ्या प्रकाराला ते नाव आहे. त्यामुळे टेफल सर्टिफिकेट कोणीही काढू शकतं आणि काढतंही. १२० तासांचा ऑनलाइन कोर्स म्हणजे व्हिडिओ, वाचन आणि बहुपर्यायी प्रश्न. त्यात समोर विद्यार्थी नसतात. व्हिसाच्या अर्जात 'अध्यापनाचं प्रमाणपत्र जोडा' असा रकाना असेल तर तो भरायला हे पुरतं, पण त्यानं शिकवता येत नाही.
सेल्टा ही केंब्रिजची इंग्रजी शिकवण्याची पात्रता. किमान १२० तास प्रशिक्षकांबरोबर, त्यात ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं, तेही दोन वेगवेगळ्या पातळ्यांवर, आणि ६ तास अनुभवी शिक्षकांचे वर्ग बघायचे. चार लेखी कामं, प्रत्येकी ७५० ते १००० शब्दांची. एखादं नापास झालं तर एकदा सुधारून देता येतं. पूर्णवेळ केली तर चार-पाच आठवडे, अर्धवेळ काही महिने. २०२० पासून पूर्ण ऑनलाइनही होते, पण शिकवायचे विद्यार्थी तिथेही खरेच असतात. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचं सर्ट टीसॉल याच तोलाचं: किमान १३० तास, त्यातही ६ तास अध्यापन. शिवाय एक अनोळखी भाषा शून्यापासून शिकून तिची नोंदवही ठेवायची असते. नवशिक्याला वर्गात काय वाटतं ते शिक्षकाला कळावं म्हणून.
जाहिरातीत तीन गोष्टी शोधा. निरीक्षणाखाली किती तास शिकवायला मिळतं? अभ्यासक्रमाच्या बाहेरचा परीक्षक येतो का? प्रमाणपत्र कोणाच्या नावाने निघतं? पहिल्याचं उत्तर शून्य असेल तर तो कोर्स काही हजारांपलीकडे किमतीचा नाही, 'आंतरराष्ट्रीय मान्यता' कितीही ठळक छापलेली असो.

आखाती_वारा
शब्दखूण, माहिती अचूक आहे, पण या मुलीच्या बाबतीत मी असहमत. तिच्याकडे बी.एड. आहे! दुबई-अबुधाबी-मस्कत-दोहाच्या शाळा पहिल्यांदा विषयातली पदवी, मग बी.एड., मग दोन-तीन वर्षांचा शाळेतला अनुभव बघतात. सेल्टा ही प्रौढांना शिकवणाऱ्या भाषा-संस्थांची भाषा आहे. सीबीएसई शाळेच्या मुख्याध्यापकाला तिचं फार अप्रूप नसतं. लाखभर रुपये तिथे घालण्याआधी तेच पैसे अटेस्टेशन (कागदांवरचं सरकारी प्रमाणन), तिकीट आणि पहिल्या महिन्याच्या खर्चाला बाजूला काढा.

शब्दखूण
शाळेसाठी तुमचं बरोबर. पण व्हिएतनामची भाषा-केंद्रं धरली तर चित्र उलटं होतं. तिथल्या २०१८ च्या नियमाप्रमाणे मातृभाषा इंग्रजी नसलेल्या परदेशी शिक्षकाकडे पदवी, भाषा शिकवण्याचं प्रमाणपत्र आणि त्यांच्या सहा पायऱ्यांच्या चौकटीतली पाचवी पायरी सिद्ध करणारा दाखला हवा. पाचवी पायरी म्हणजे युरोपीय मोजपट्टीवर सी-१. तिथे आयइएलटीएसचा चांगला स्कोअर आणि सेल्टा मिळून अर्जाचं वजन बदलतं. आणि एम.ए. इंग्रजीत साहित्य शिकवतात, वर्ग चालवायला शिकवत नाहीत.

आखाती_वारा
म्हणून बी.एड. असतं ना ताई. :)

शब्दखूण
बी.एड.मध्ये पाठ टाचण लिहायला शिकवतात. 'यूज्ड टू' चा अर्थ बारा वर्षांच्या मुलाला मराठीचा आधार न घेता कसा समजवायचा, हे शिकवत नाहीत.
मधला मार्गही सांगते. हैदराबादच्या इफ्लूचा, म्हणजे इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठाचा, इंग्रजी अध्यापनाचा पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने होतो. ही संस्था १९५८ पासून याच कामात आहे. परदेशी जाहिरातीत तिचं नाव दिसणार नाही, पण पाया पक्का होतो.

शिक्कामोर्तब
तिसऱ्या प्रश्नावर येतो. सगळ्यांचं घोडं इथेच अडतं.
परदेशात पदवी दाखवायची तर साखळी अशी: विद्यापीठाकडून पदवीची पडताळणी, मग राज्य सरकारच्या पातळीवर प्रमाणन, महाराष्ट्रासाठी मुंबईत, ज्याला सगळे एचआरडी म्हणतात. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालय, म्हणजे एमईए. एमईएचं काम २०१२ पासून थेट खिडकीवर होत नाही, नेमलेल्या संस्थांमार्फत कागद द्यावा लागतो. पुढचा फाटा देशावर ठरतो.
भारत २००५ पासून हेगच्या अपोस्टिल करारात आहे, म्हणजे एकाच शिक्क्यावर सदस्य देशांनी एकमेकांचे कागद मानायचे असा करार. समोरचा देशही त्यात असेल तर एमईएचा अपोस्टिल लागला की काम संपलं. ओमान, बहारीन आणि सौदी त्यात आहेत. सौदी डिसेंबर २०२२ पासून. संयुक्त अरब अमिरात, कतार आणि कुवेतसाठी एमईएनंतर त्या देशाच्या भारतातल्या दूतावासाचा शिक्का आणि तिथे पोहोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा.
कुठे चुकतं ते लक्षात घ्या.
एक, लोक तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र घेऊन जातात. दीक्षान्त समारंभानंतरचं मूळ प्रमाणपत्रच लागतं. घेतलं नसेल तर आजच अर्ज करा, कारण विद्यापीठाच्या तारखा आपल्या हातात नसतात.
दोन, एजंट 'एसडीएमचा (उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा) शिक्का लवकर होतो' म्हणतो. लवकर होतो हे खरं. पण शैक्षणिक कागदावर काही दूतावास तो घेत नाहीत, मग साखळी परत पहिल्या कडीपासून. आधी शाळेच्या एचआर विभागाकडून लेखी विचारून घ्या.
तीन, अमिरातीत पदवीची समकक्षता करताना विद्यापीठाचं 'पदवी खरी आहे' असं पत्र वेगळं मागतात. पडताळणीच्या अर्जासोबतच मागून ठेवा, दुसरा हेलपाटा वाचतो. कोणाची पदवी मुक्त विद्यापीठाची असेल तर समकक्षता मिळते का, हे पैसे भरण्याआधीच तपासावं.
चार, पोलिसांचा दाखला, पीसीसी, पासपोर्ट सेवा केंद्रातून निघतो. तो सगळ्यात शेवटी काढा. बऱ्याच ठिकाणी सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही आणि नोकरी ठरायला तेवढे दिवस सहज जातात.

खडूफळा
फारच उपयोगी. एक शंका: पदवीवर नाव 'आडनाव, नाव, वडिलांचं नाव' असं आहे. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका ओळीत, आडनाव वेगळं. चालेल का?

शिक्कामोर्तब
महाराष्ट्रातल्या प्रत्येक अर्जदाराचा हा प्रश्न आहे. क्रम वेगळा पण शब्द तेच असतील तर बहुधा अडत नाही. अडतं ते स्पेलिंगला. एका कागदावर दोन ए, दुसऱ्यावर एक, की संपलं. म्हणून दहावी, बारावी, पदवी, बी.एड. आणि पासपोर्ट एका टेबलावर ओळीने मांडा आणि प्रत्येकावरचं नाव अक्षरन् अक्षर वहीत उतरवा. फरक सापडला तर आधी तो मिटवा, मग शिक्क्यांच्या मागे लागा. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद जोडावी लागते आणि त्या कागदाचंही वेगळं प्रमाणन होतं.

गोडबोले_गल्ली
थोडं अवांतर. तिकडच्या लोकांना आपला उच्चार चालतो का? कोर्सवाले 'अमेरिकन अ‍ॅक्सेंट' शिकवतात, ते करावं का?

ध्वनिवेल्हाळ
अजिबात करू नये. उसना उच्चार दहाव्या मिनिटाला सुटतो आणि ऐकणाऱ्याला आधीचा जास्त स्पष्ट वाटतो. पण आपल्या मराठी जिभेच्या चार सवयी मुलाखतीआधी नक्की बघाव्यात, कारण त्यांनी शब्दच बदलतो.
पहिली, व आणि व्ह. आपण 'व्हॅन' म्हणताना व मध्ये ह मिसळतो. इंग्रजीत तिथे ह नाही. खालचा ओठ वरच्या दातांना हलका घासला जातो, बस. 'वॉटर' म्हणताना मात्र दातांचा संबंधच नाही, ओठांचा चंबू होऊन उघडतो. आरशासमोर बघा, फरक डोळ्यांना दिसतो.
दुसरी, शिप आणि शीप. बोलताना ऱ्हस्व-दीर्घाने शब्दाचा अर्थ बदलतोय अशी सवय मराठी कानाला नाही. हा फरक नुसत्या लांबीचा नाही, जिभेच्या उंचीचाही आहे.
तिसरी, आघात. आपण सगळी अक्षरं सारख्या जोराने म्हणतो. 'फोटोग्राफ' मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफर' मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक' मध्ये तिसऱ्यावर. आघात चुकला की बँकॉकच्या विद्यार्थ्याला शब्द ओळखूच येत नाही.
चौथी उच्चाराची नाही, व्याकरणाची. 'तीन वर्षांपासून शिकवते' डोक्यात असतं म्हणून तोंडून 'सिन्स थ्री इयर्स' येतं. तिथे 'फॉर' हवं. 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' हेही तसंच. मुलाखत घेणारा नेमकं हेच टिपतो.

दूरदेशी
याला जोडून. थायलंडमध्ये मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांकडून टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर मागतात. ९९० पैकी ६०० ची अट सर्वसाधारण आहे. एम.ए. इंग्रजीवाल्याला ते अवघड नाही, पण निकाल दोन वर्षंच चालतो, फार आधी देऊन ठेवू नये. तिथे वर्गात शिकवायला शिक्षक परिषदेची, म्हणजे खुरुसफाची, परवानगी लागते. तो अर्ज शाळा करते. बी.एड. असलेल्याची पुढे कायम परवान्याची वाट सोपी होते. व्हिसा नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे कामासाठीचा, तो शाळेच्या पत्रावर आपल्याकडून काढून जायचा. मुंबईत त्यांचा वाणिज्य दूतावास आहे.

मोगरा_७
पण कितीतरी जाहिरातींत 'फक्त नेटिव्ह स्पीकर' असं लिहिलेलं असतं. हे चीड आणणारं आहे. आपल्याकडे इंग्रजी दोनशे वर्षं आहे.

ध्वनिवेल्हाळ
चीड रास्त आहे. भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरूंनी १९८५ मध्येच इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली आणि भारतासारख्या देशांना दुसऱ्या वर्तुळात, स्वतःचे निकष घडवणाऱ्यांत बसवलं. शिक्षकांच्या टीसॉल या संघटनेने २००६ मध्ये या भेदभावाविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. तरी जाहिराती तशाच येतात.
व्यवहारात एवढंच करा: जिथे अट व्हिसाच्या कायद्याची आहे तिथे वेळ घालवू नका. जिथे ती फक्त जाहिरातीतली आहे तिथे अर्ज जरूर करा, सोबत दहा मिनिटांच्या वर्गाचं चित्रीकरण जोडा. वर्ग बघितल्यावर बरेच जण पासपोर्टचा प्रश्न पुन्हा विचारत नाहीत.

शब्दखूण
चित्रीकरणाचा मुद्दा फार महत्त्वाचा. ऑनलाइन नमुना पाठ साधारण वीस मिनिटांचा असतो आणि आपली माणसं त्यातली पंधरा स्वतः बोलतात.
उदाहरण घेऊ. शिकवायचंय 'आय यूज्ड टू लिव्ह इन नाशिक'. फळ्यावर नियम लिहू नका. आधी दोन चित्रं: जुनं घर, नवं घर. दोन मिनिटं मुलांना बोलू द्या. मग वाक्य सांगा आणि तीन छोटे प्रश्न विचारा. मी आता नाशिकला राहते का? नाही. आधी राहत होते का? हो. एकच दिवस, की बरेच दिवस? बरेच दिवस. या तीन उत्तरांत अर्थ पक्का होतो. मग उच्चार: 'यूज्ड' आणि 'टू' मधला ड ऐकू येत नाही, 'यूस्टू' असं जोडून येतं. तेच सगळ्यांकडून दोनदा, मग एकेकाकडून. शेवटची आठ मिनिटं मुलं एकमेकांना लहानपणाबद्दल विचारतील, तुम्ही गप्प राहून चुका टिपायच्या आणि शेवटी दोन फळ्यावर घ्यायच्या.
'समजलं का?' हा प्रश्न एकदाही विचारू नका. मुलं नेहमी 'हो'च म्हणतात.

आखाती_वारा
हे मात्र कोणत्याही देशात चालेल. अनुमोदन.
आता कराराबद्दल. एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का ते बघा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात. त्यावर मागितले तर तिथूनच परत फिरा. 'व्हिजिट व्हिसावर या, इथे बदलून देऊ' म्हणणाऱ्याला ठाम नकार द्या. त्या व्हिसावर वर्गात उभं राहणं बेकायदा आहे आणि दंड शिक्षकाच्या माथी येतो.
पगाराचा आकडा बघताना मूळ वेतन वेगळं बघा. अमिरातीत वर्षभराच्या नोकरीनंतर उपदान (ग्रॅच्युइटी) मिळतं, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांच्या मूळ वेतनाइतकं. समजा एकूण ६,००० दिरहम आहेत. मूळ ३,००० असेल तर वर्षाला २,१०० जमतात, मूळ ५,००० असेल तर ३,५००. एकूण आकडा तोच, हातात येणारा फरक मोठा. घर, वार्षिक तिकीट, आरोग्य विमा करारात लिहिलेले असावेत, फोनवरचं आश्वासन धरू नये. आणि पासपोर्ट शाळेकडे ठेवायला द्यायचा नाही, तो ठेवून घेणं तिथेही बेकायदा आहे.

खडूफळा
सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीला जपानची ओढ आहे, दूरदेशींनी 'शक्य' लिहिलंय म्हणून ती खूश झाली. तिचं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय, त्याने काही बिघडतं का?

दूरदेशी
बिघडतं. माझ्या पहिल्या प्रतिसादात हे यायला हवं होतं. जपानच्या शाळांत भाषा शिकवायला 'इन्स्ट्रक्टर' दर्जाचा व्हिसा लागतो आणि त्यासाठी त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. अकरावी ते बी.एड. धरलं तरी दोन, तीन, दोन आणि दोन मिळून नऊच होतात. खासगी संभाषण वर्गांसाठी वेगळा व्हिसा आहे, मानव्यविद्या आणि आंतरराष्ट्रीय सेवा गटातला. तिथे पदवी पुरते, कायद्यात १२ वर्षांची अट नाही. पण बऱ्याच संस्था स्वतःहून ती घालतात. जपान दुसऱ्या टप्प्याला ठेवा, पहिल्याला नको.

आखाती_वारा
मराठी माध्यमामुळे आखातात काही अडत नाही. तिथे दहावीचं माध्यम कोणी विचारत नाही.

शब्दखूण
उलट मराठी माध्यमवाल्याने इंग्रजी भाषा म्हणून शिकलेली असते. 'अ' आणि 'द' कुठे लावायचं ते त्यानेही नियमाने, धडपडत शिकलेलं असतं, म्हणून विद्यार्थी कुठे अडेल ते त्याला आधीच दिसतं. मुलाखतीत हे लपवू नका, सांगा.

दूरदेशी
वेळापत्रक. आखातातल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, ब्रिटिश-अमेरिकन अभ्यासक्रमाच्या ऑगस्टअखेर-सप्टेंबरला, त्यांच्या मुलाखती जानेवारीपासून. थायलंडचं सत्र मे महिन्यात, दुसरं नोव्हेंबरला. व्हिएतनामची केंद्रं वर्षभर घेतात. शाळेचं अनुभवपत्र आत्ताच मागून ठेवा: लेटरहेडवर, रुजू झाल्याची तारीख, इयत्ता, विषय, पूर्णवेळ असल्याचा उल्लेख. 'शिक्षिका म्हणून काम केले' एवढ्या एका ओळीचं पत्र परत येतं.

खडूफळा
ठरलं. आखाती शाळा पहिल्या, थायलंड दुसरं, सेल्टाचा विचार नोकरी लागल्यावर अर्धवेळ. सोमवारी विद्यापीठात पडताळणी आणि 'पदवी खरी आहे' या पत्राचे अर्ज देतोय. सगळे कागद टेबलावर मांडले, स्पेलिंग जुळली. फक्त बी.एड.चं प्रमाणपत्र लॅमिनेट केलेलं आहे. त्याने काही होतं?

शिक्कामोर्तब
होतं. शिक्के मागच्या बाजूला कागदावरच उमटावे लागतात, प्लास्टिकवर घेत नाहीत. घरी इस्त्री फिरवून किंवा ओढून काढायला जाऊ नका, शाई आणि कुलगुरूंची सही प्लास्टिकसोबत निघून येते. सोमवारी जाताय तर त्याच खिडकीवर दुय्यम प्रमाणपत्राचा अर्जही द्या आणि मूळ तसंच जपून ठेवा.

मोगरा_७
घरातली सगळी प्रमाणपत्रं आत्ता काढून बघते.